पिन लावली की आवाज बंद

मिऱ्याच्या रस्त्यावर आंब्याच्या पेट्या भरायची एक पत्र्याची शेड आहे. मे महिना सरला की तिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. पण सत्त्याऐंशी साली दिवाळी आटोपली आणि त्या शेडपुढे दर शनिवारी दुपारी जत्रा भरू लागली. आणि जत्राही अशी की कुणाच्या हातात नारळ नाही, फुलाचा पुडा नाही. जिच्या तिच्या हातात कॅसेट. कुणी पदराखाली धरलेली, कुणी रुमालात बांधलेली, कुणी दुबईच्या साबणाच्या रिकाम्या खोक्यात घालून आणलेली. खाडीपलीकडून होडीने बायका येत, राजिवड्याच्या बुरखेवाल्या येत, भंडारवाड्यातल्या म्हाताऱ्या येत. ज्यांचा माणूस आखातात गेला आणि ज्याचं पत्र यायचं थांबलं, अशा सगळ्या.

शेडच्या आत ताडपत्र्या लावून भर दुपारी अंधार केलेला. समोर टेबल, टेबलावर लाल मखमल, मखमलीवर संगणक. त्याच्या टाइपरायटरसारख्या बटणांवर जास्वंदीचा भरगच्च हार, म्हणजे कुणी बोट लावत नाही हे दिसावं. एका बाजूला टेपरेकॉर्डर, दुसऱ्या बाजूला मोठा टीव्ही. आणि मधोमध तरंगनाथ महाराज. भगवी कफनी नाही, दाढी नाही. पांढरा सफारी, गळ्यात रुद्राक्ष आणि मनगटावर आकडे दाखवणारं घड्याळ. कफनीचे दिवस सरत आले हे ह्या गृहस्थाने वेळेवर ओळखलं होतं.

"माणूस म्हणजे काय?" महाराज विचारत आणि उत्तरासाठी कुणाची वाट बघत नसत. "माणूस म्हणजे तरंग. आवाज म्हणजे तरंग. देह समुद्रात असो, तुरुंगात असो, वर असो. कॅसेटमध्ये त्याचा तरंग बसलेला आहे. तो आमच्या यंत्राला दिसतो. जर्मनीत ह्याच्यावर संशोधन चालू आहे, आम्ही ते मिऱ्यावर करून दाखवतो."

मग ते टेपरेकॉर्डरची वायर उचलून दाखवत. एका टोकाला गोल बोंड, त्यात सात बारीक पिना. "सात पिना, सात चक्रं." दुसऱ्या टोकाला वायर तीन शेपट्यांत फुटलेली, प्रत्येक शेपटीला एक पिन. "इडा, पिंगळा, सुषुम्ना." बायका हात जोडत. योगशास्त्र हजारो वर्षांचं आणि वायर गेल्या पाच-दहा वर्षांतली, तरी दोघांचं गणित कसं चोख जमलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मग महाराज पिन खोचून कॅसेट लावत. शेडभर त्या माणसाचा आवाज घुमे. दोन वाक्यं झाली की आवाज बदले आणि कॅसेटमधून कर्कश किंकाळी निघे. पत्र्यावर खिळा ओढावा तशी. बायका कानांवर हात ठेवत. आणि टीव्हीच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं एकेक करून उमटू लागत.

अक्षरं इंग्रजी असत, भाषा मराठी. महाराज वाचून दाखवत. चौथी नापास झालेला खलाशी समुद्राच्या तळाशी जाऊन इंग्रजी अक्षरं कुठे शिकला, असं एका म्हाताऱ्याने विचारलंही होतं. "त्या बाजूला गेलं की सगळ्या लिप्या येतात," महाराज म्हणाले, आणि म्हाताऱ्याला शेजारच्या बायकांनी गप्प बसवलं.

दक्षिणा किती ते महाराज कधीच सांगत नसत. फक्त ताटात दागिना पडला की अक्षरं जरा भराभर उमटत.

मालन पहिले दोन शनिवार गेली नाही. तिसऱ्या वेळी शेजारच्या हौसाने तिचा दंडच धरला.

"अगो, माझा घो काय काय बोलला ठाव आहे? गोठ्याच्या दाराची कडी तुटली ती लावून घे म्हणाला. गोठ्याची कडी! मेल्या महाराजाला कोण सांगणार आमच्या गोठ्याचं? आणि तू एकटी घरात बसून काय करतंस?"

हौसाच्या नवऱ्याने मस्कतहून पाठवलेल्या कॅसेटमध्ये ती कडी तीनदा आली होती. हौसाने ती कॅसेट आपल्या हाताने महाराजांकडे आठवडाभर ठेवली होती. पण ह्या दोन गोष्टी एकमेकींना जोडायच्या असतात हे हौसाला कसं सुचणार? तिला नवरा हवा होता.

मालनचा नवरा काशीराम आखातात एका टगबोटीवर खलाशी होता. तिकडे लढाई पेटलेली, जहाजांवर तोफा डागत होते. तेरा महिन्यांपूर्वी एजंटाकडून तार आली. बोट बेपत्ता. त्यानंतर ना पत्र, ना माणूस, ना मढं. सासू येसूबाई म्हणाली, "देह बघितल्याशिवाय कपाळ पुसायचं नाय." मालनने पुसलं नाही. गावातल्या हायस्कुलात ती झाडलोट करायची, दोन माणसांचं पोट त्यावर चाले. रडायला वेळ मिळत नसे, आणि रडायचं म्हणजे नेमकं कशासाठी तेही ठरत नसे.

तिच्याकडे काशीरामचं म्हणून एकच राहिलं होतं. शेवटची कॅसेट. आधीच्या वेगळ्या कॅसेटी नव्हत्याच; दर वेळी हीच पुसून, तिच्यावर आपला निरोप भरून मालन ती परत पाठवायची, अशी काटकसर होती. ही तेवढी परत पाठवायची राहिली होती.

आता हे ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायला हवं. तेव्हा आखातातली माणसं पत्रं कमी लिहीत, कॅसेटी भरून पाठवत. कॅसेट आली की सगळं घर टेपरेकॉर्डरभोवती बसायचं. काशीराम आधी आईशी बोले, मग शेजाऱ्यांची नावं घेई, मग कौलं, गाय, पोफळी. शेवटी थांबायचा, खाकरायचा आणि म्हणायचा, "मालन, आता पिन लाव." येसूबाई हसून उठायची, "चला गो, आपल्याला आता कोण विचारतो," म्हणत पडवीत जायची. मालन कानात घालायच्या बोंडीची पिन टेपच्या भोकात खुपसायची. त्यासरशी खोलीतला आवाज बंद. आता काशीराम फक्त तिच्या कानात. ही रीत घरोघर होती. मिऱ्यावरच्या प्रत्येक सुनेला ती पिन कुठल्या भोकात जाते ते अंधारातही कळत असे.

गेले तेरा महिने मालन रोज ती कॅसेट ऐकत होती असं नाही. रोज ऐकली तर झिजेल म्हणून महिन्यातून एकदा. पिन लावल्यानंतरची सहा मिनिटं. त्यात तो तिला शेवंड म्हणायचा, म्हणजे समुद्रातला मोठा झिंगा, कारण रागावली की ती उकडलेल्या शेवंडीसारखी लाल होते.

ती कॅसेट तिने महाराजांना दिली. देताना म्हणाली, "महाराज, तो पिन लाव म्हणाला की पुढचं वाजवू नका. ते माझं आहे."

"तरंगाला तुझंमाझं नसतं," महाराज म्हणाले आणि कॅसेट पत्र्याच्या डब्यात टाकली. त्या डब्यात गेलेली कॅसेट पुढच्या बोलण्यासाठी म्हणून तिथेच राहायची.

पुढच्या शनिवारी तिचं नाव पुकारलं. येसूबाईला हौसाने आधार देऊन पुढे बसवलं. ताटात मालनची नथ. महाराजांनी पिन खोचली, बटण दाबलं, आणि शेडभर काशीराम बोलू लागला. कौलं शाकारून घे. गाईला वैद्याकडे ने. येसूबाई हुंदके देऊ लागली. मग खाकरणं आलं.

"मालन, आता पिन..."

तिचा हात आपोआप पुढे गेला. सवयच ती. पुढे जाऊन तसाच हवेत थांबला, कारण पिन आधीच लावलेली होती. महाराजांचं बोट त्या पिनेवर होतं, टेपच्या कडेला, सगळ्यांच्या देखत. आणि तरीही आवाज शेडभर येत होता.

मग किंकाळी. मग अक्षरं. महाराजांनी वाचलं, "मी सुखात आहे. माझी शेवंड रागावली का?"

बायका हसल्या. काही रडल्या. हौसा म्हणाली, "शेवंड म्हणायचा होय गो तुला?" मालन खरोखरच लाल झाली. ते नाव ह्या जगात दोन माणसांना ठाऊक होतं. एका क्षणापुरतं तिच्या काळजात लख्ख झालं, तो आहे, तो बोलतोय. आणि लगेच दुसरा विचार आला, आणि त्याने पहिल्याला खाऊन टाकलं. हे नाव त्या कॅसेटमध्ये आहे. पिन लावल्यानंतर. ह्या मेल्यांनी ते ऐकलंय.

सोमवारी शाळा भरायच्या आधी ती फरीदाबाईंच्या खोलीत केर काढत उभी राहिली. फरीदाबाई विज्ञान शिकवायच्या. सरकारने शाळेला एक संगणक दिला होता आणि पुण्याला शिकायला बाईंना धाडलं होतं. त्या संगणकाच्या वायरी मालन रोज फडक्याने पुसायची. जाड काळी टीव्हीची, सात पिनांची टेपची, चपट्या प्लगची विजेची. बाईंनी एकदा सांगितलं होतं, "घाबरू नकोस, निघाल्या तरी लाव परत. प्रत्येकीचं तोंड वेगळं आहे. जिचं घर तिथेच ती जाते."

"बाई, पिन लावली आणि आवाज बाहेर येतो, असं होतं काय?" मालनने विचारलं आणि सगळं सांगितलं.

 फरीदाबाईंनी शाळेचा टेप काढला, गाण्याची कॅसेट घातली, वायरीची एक शेपटी 'इअर' लिहिलेल्या भोकात खोचली. गाणं बंद. काढली, गाणं सुरू.

"टेपमधलं संगणकाला ऐकवायचं तर ह्याच भोकातून. आणि इथे पिन गेली की टेपचा कर्णा तुटतो. म्हणजे तुझ्या महाराजाने पिन शेजारच्या माइकच्या भोकात घातली होती. त्या भोकातून फक्त आत जातं, बाहेर काही येत नाही. काशीरामचा एक शब्द त्या यंत्रापर्यंत पोचला नाही, मालन."

"मग अक्षरं?"

"ती दुसऱ्या वाटेने येतात. टीव्हीला आणखी कुठली वायर होती?"

"अँटेनाची असते तीच. छपराकडे गेलेली."

"चपटी?"

मालन झाडू टेकून आठवू लागली. मिऱ्यावर तेव्हा घरोघर अँटेना उभ्या राहत होत्या आणि प्रत्येकीतून चपटी वायर खाली येई, दोन तारांमध्ये प्लास्टिकची पट्टी असलेली. तिने ती हजारदा पाहिली होती. शेडमधली तशी नव्हती. जाड, काळी, गोल. ती रोज पुसते तशी.

"गोल," ती म्हणाली.

"गोल वायर संगणकाची," फरीदाबाई म्हणाल्या. "मधे एक तार, तिच्याभोवती जाळी. आपल्या यंत्रापासून टीव्हीला जाते तीच." मग त्यांनी आणखी एक विचारलं, जरा हळू. "मालन, ती किंकाळी. संगणकातून आली की टेपमधून?"

"टेपमधून. त्याच्या बोलण्याच्या मागोमाग."

फरीदाबाईंनी टेपमधली कॅसेट काढली, परत डब्यात ठेवली, आणि म्हणाल्या, "तुझी कॅसेट आधी ताब्यात घेऊ." का, ते त्यांनी सांगितलं नाही.

शनिवारी दोघी गेल्या. राजिवड्याच्या एका म्हातारीची कॅसेट लागली होती; तिच्या मुलाचं, मुसाचं, बोलणं संपून किंकाळीही झाली होती. पडद्यावर 'अम्मी' एवढं उमटलं होतं. फरीदाबाई सरळ टेबलापाशी गेल्या, संगणकाच्या मागे हात घातला आणि टीव्हीकडे जाणारी वायर ओढून काढली.

"बाई, तरंग भंग पावेल," महाराज उठले.

"भंग पावला नाही," फरीदाबाई म्हणाल्या. त्यांनी वायरीचं टोक सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. "ही यंत्राची टीव्हीला जाणारी वायर. माझ्या हातात आहे. पडद्याकडे बघा."

पडद्यावर अक्षरं येतच होती. एक, दोन, तीन. जो कोण ती लिहीत होता त्याला इकडचं दिसत नव्हतं. फरीदाबाईंनी मोठ्याने वाचलं, "अम्मी, मी तुझ्या जवळच आहे."

मालन तोवर गोल वायरीच्या मागे लागली होती. वायर टीव्हीपासून खांबावर, खांबावरून वाशाला, आणि बाहेर अँटेनाकडे जायच्या ऐवजी रिकाम्या पेट्यांच्या थप्पीमागे उतरली होती. अँटेनाची चपटी वायर बिचारी वाशाला गाठ मारून लोंबत होती. मालनने पेट्या दोन्ही हातांनी ढकलल्या. मागे एक माणूस गंजी घालून बसला होता. पुढ्यात दुसरा संगणक, मांडीवर वही. वहीत प्रत्येक कॅसेटला एक पान. कडी. गाय. शेवंड.

इथे गोष्ट संपती तर बरं झालं असतं. लोकांचे डोळे उघडले आणि त्यांनी महाराजाला धरून चौकीवर नेलं, असं सांगून मोकळं होता आलं असतं. नेलंही. महाराज त्याच संध्याकाळी सुटला, कारण तक्रार लिहून द्यायला मालनखेरीज एकही बाई पुढे आली नाही. मालनने दिली, तर बाकीच्यांनी सांगितलं की आमचं काही गेलं नाही. पुढे तो हर्णेला दुसऱ्या नावाने बसला असं ऐकू आलं.

शेडमध्ये काय झालं ते सांगायला हवं. मुसाची आई टीव्हीपुढून उठेना. वही दाखवली, वायर दाखवली, गंजीवाला दाखवला. ती म्हणाली, "पण बोलला ना?" आणि हौसा मालनच्या अंगावर धावून आली. "दर शनवारी बोलायचा तो माझ्याशी. खोटा तर खोटा. आता कोण बोलेल? तू बोलशील? शाळेतले केर काढता काढता लय शानी झालीस?"

 मालनने पत्र्याचा डबा उपडा केला आणि आपली कॅसेट शोधून घेतली.

घरी येसूबाई दारातच होती. मालनने टेप पुढे ओढला. कौलं, गाय, पोफळी. खाकरणं.

"मालन, आता पिन..."

आणि किंकाळी. मालनने पिन लावली. किंकाळी आता फक्त तिच्या कानात आली. ती बसून राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं, सहा मिनिटं. संपेपर्यंत तिने ती ऐकली, न जाणो मधे कुठे एखादा शब्द राहिला असेल. नव्हता. संगणकाची खूण कॅसेटवर भरायची तर ती अशीच ऐकू येते, आणि जिथे ती भरतात तिथलं आधीचं पुसून जातं. मालनला हे ठाऊक होतं, फरीदाबाईंनी वाटेत सांगितलं होतं. माइकच्या भोकातून फक्त आत जातं. आठवड्यापूर्वी त्या गंजीवाल्याने काशीरामची सहा मिनिटं वहीत उतरवून घेतली आणि मग त्यांच्यावर यंत्राची कोल्हेकुई भरली, शनिवारच्या खेळासाठी.

"काय म्हणतो गो माझा काशीराम?" येसूबाईने पडवीतून विचारलं. पिन लावली की उठून जायचं, ही रीत तिने आजही पाळली होती.

मालनच्या मनात आलं, सांगावं काहीतरी. सुखात आहे म्हणावं. म्हातारीला किती सोपं गेलं असतं. पण तेच तर महाराज करत होता.

"काय नाय म्हणत, आत्ये," ती म्हणाली. "पुसलनी त्याला."

येसूबाई आत आली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसली. दोघी पहिल्यांदाच एकत्र रडल्या, तेरा महिन्यांत पहिल्यांदा, तो गेला म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून मालन घरोघर फिरू लागली. हौसाने दार लावून घेतलं. बाकीच्यांपैकी काहींनी उघडलं, आणि ज्यांनी आपापल्या कॅसेटी लावून पाहिल्या त्यांच्या घरात तीच किंकाळी वाजली. कुणाचा मुलगा अर्धा राहिला होता, कुणाचा भाऊ नावापुरता. मालन त्यांना सांगायची ते इथे लिहून ठेवतो, कारण हर्णेवाल्यांनीही वाचलेलं बरं.

टीव्हीवर कुणी देव दाखवील, मेलेला माणूस दाखवील, तेव्हा हात जोडायच्या आधी वायर कुठून कुठे जाते ते बघा. मागे जाऊन बघा, हात लावून बघा. कुणी हात लावू देत नसेल तर तेवढ्यावरूनच काय ते समजा. यंत्रात देव नसतो, भूत नसतं. एका टोकाला जे घालावं तेच दुसऱ्या टोकाला निघतं, आणि घालणारा माणूसच असतो. घरात टेप आहे, पिन आहे. आपली अक्कल चालवायला जर्मनीला जावं लागत नाही.

आणि कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन बारीक दात असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर कुणालाच काही भरता येत नाही, महाराजालाही नाही. मालनने पुढच्या महिन्याभरात वाडीतल्या सगळ्या कॅसेटींचे दात विळीच्या टोकाने मोडून दिले. पहिले मोडले ते आपल्या कॅसेटचे. तिच्यासाठी त्या कॅसेटवर काशीराम आता फक्त "मालन, आता पिन" एवढंच म्हणतो. तेवढं राहिलंय.